जम्पर ज्याचा, खुर्ची त्याची

रॉकेटच्या पायथ्याशी प्लास्टिकची खुर्ची टाकून, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. त्याला तिथवर आणण्याचा मूर्खपणाही माझाच, तेव्हा हसायचं असेल तर आधी मला हसा.

त्यांचं खरं नाव सांगत नाही. कारखान्यात सगळे त्यांना ट्रिपभाऊ म्हणायचे, म्हणजे पाठीमागे. तोंडावर नुसतं भाऊ. चालतं मशीन धोका ओळखून आपोआप बंद पडलं की त्याला ‘ट्रिप झालं’ म्हणतात, आणि भाऊंचा सगळा जीव त्या बंद पडण्यात. बाकीची दुनिया मशीन चालू कसं राहील याच्या काळजीत, हा एकटा माणूस ते वेळेवर थांबेल कसं याच्या. अशाला बढती कोण देणार? नाहीच दिली. तीस-बत्तीस वर्षं नोकरी करून ज्या खुर्चीवर लागले त्याच खुर्चीवरून उतरले, आणि ती खुर्चीसुद्धा त्यांनी घरून आणलेली होती. तिच्याबद्दल सांगते पुढं.

कारखाना सिमेंटचा. आमच्या जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने काही एक-दोन नाहीत, त्यामुळे कोणता ते शोधत बसू नका. मी बल्लारपूरची, चंद्रपूरच्या कॉलेजातून नुकतीच इंजिनियर झालेली ट्रेनी. डोक्यावर हेल्मेट, डोक्यात हवा. पहिल्याच दिवशी मला भाऊंच्या हवाली केलं. ते एका मोठ्या पंख्यापाशी उभे होते. हातात हातभर लांब लोखंडी सळई, तिचं एक टोक बेअरिंगवर, दुसरं कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. मी अदबीनं गुड मॉर्निंग घातलं.

“कसं हाये?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“ठीक आहे सर.”

“ठीक मंजे? गरम का थंड? हालते का नाई? ठीक तं मुडदा बी असते.”

हा त्यांचा नमस्कार. ‘ठीक’ हे उत्तर त्यांनी कोणाकडूनच कधी घेतलं नाही. लोक कंटाळून त्यांना पाहताच लांबूनच हिशेब द्यायचे: डावा गुडघा दुखते, झोप बरी, भूक कमी, बायको माहेरी. मग भाऊ मान हलवून पुढं जायचे. घरीही तेच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मिक्सर, कूलर आणि छताचा पंखा यांच्या नावानं खडूनं रकाने आखलेले, रोजची नोंद. वहिनी एकदा मला म्हणाल्या, “माह्याकडे पाह्यलं नाई कधी धड, पण कूलरची नाडी रोज पाह्यते हा माणूस.” भाऊ जेवता जेवता म्हणाले, “तू कुरकुरतेस तं समजते. थो मुका हाये.”

आता खुर्ची. भाऊंच्या लुनाच्या मागं एक लाल प्लास्टिकची खुर्ची सुतळीनं बांधलेली असायची. ऊन खाऊन खाऊन गुलाबी पडलेली. पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं, ‘देवाजी’. आम्हा सगळ्यांची खात्री होती की ती कुठल्यातरी लग्नातून ढापलेली आहे. ‘देवाजी बिछायत केंद्र’ असणार, पुढचं पुसलं गेलं असणार. मी एकदा म्हटलंही, “भाऊ, कोण हा देवाजी? शोधत फिरत असेल बिचारा खुर्ची.” भाऊ हसले नाहीत. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसले.

त्या खुर्चीचा एक कायदा होता. तो समजायला आधी जम्पर समजला पाहिजे. बेअरिंग जास्त थरथरलं की सेन्सर ओरडतो आणि पंखा थांबतो. पंखा थांबला की भट्टी थांबते आणि भट्टी थांबली की साहेबांचा रक्तदाब चढतो. मग काय करायचं? सेन्सरच्या तारा एका बोटभर तुकड्यानं आपसात जोडून टाकायच्या. याला म्हणतात जम्पर. आता सेन्सर कितीही बोंबलू दे, मशीनला ऐकू जात नाही. आपल्या देशातला बराचसा माल या बोटभर तारेच्या कृपेनं बाहेर पडतो असं माझं मत आहे. पुरावा मागू नका.

भाऊसुद्धा जम्पर मारायचे, ते काही संत नव्हते. पण त्यांचा कायदा असा की ज्यानं जम्पर मारला त्यानं त्या मशीनपाशी खुर्ची टाकून बसायचं. जम्पर निघेपर्यंत उठायचं नाही. जेवण तिथं, चहा तिथं, शिफ्ट संपली तरी तिथंच. “सेन्सरचं तोंड बांधलं ना? मंग आता तूच सेन्सर.” मी स्वतः एकदा सलग दोन शिफ्टा त्या खुर्चीवर काढल्या आहेत. कान, कंबर आणि भाऊंबद्दलचा आदर, तिन्ही बसले.

एकदा मोठ्या साहेबांनी फोनवरूनच हुकूम सोडला, जम्पर मारा. भाऊंनी मारला. मग खुर्ची उचलून पंख्यापाशी ठेवली, गमछ्यानं पुसली आणि साहेबांना निरोप धाडला: खुर्ची तयार हाये, या. साहेब आले ते भाऊंना झापायला. भाऊ हात जोडून म्हणाले, “साहेब, हुकूम तुमचा, मंजे जम्पर तुमचा. म्या नुसती तार जोडली. बसा.” चार माणसं पाहत होती, साहेबांना नाही म्हणता येईना. बसले. पंखा असा थरथरत होता की साहेबांच्या खिशातला पेन उड्या मारत होता. चहा येईपर्यंतसुद्धा थांबले नाहीत. उठले आणि म्हणाले, “बंद करा ते.” त्या वर्षीही भाऊंना बढती नव्हती, हे सांगायला नको.

आता तुम्हाला वाटेल की हा माणूस कधी चुकतच नसेल. माझ्या ताईचं लग्न आठवा. म्हणजे तुम्हाला कसं आठवणार, पण आमच्या आईला आठवतं, रोज. बल्लारपूरला बुद्धविहाराच्या बाजूचा हॉल, त्रिशरण-पंचशील झालेलं, नवरा-नवरी हार घेऊन उभे. आणि अचानक पंखे बंद, माईक बंद, दिवे बंद. भाऊ हात पुसत आत आले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, “जनरेटरचं बेअरिंग गेलं. म्या बंद केलं.” मिस्त्री बोलावला, खोललं. बेअरिंगला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. वरपक्षातले एक मामा भाऊंच्या अंगावर धावून गेले. भाऊ म्हणाले, “चुकलो बाप्पा,” आणि शांतपणे पंगतीत जाऊन बसले. दोनदा भात घेतला. आई अजूनही त्यांना ‘थो तुहा जनरेटरवाला’ म्हणते.

अशा माणसाला मी रॉकेटवर नेलं.

झालं असं की कारखाना सोडून मी एका रॉकेट कंपनीत लागले. कंपनी लहान, गप्पा मोठ्या. संचालक पुण्याचे, माझ्याच वयाचे, बोलणं असं की समोरच्याला आपण निबंधस्पर्धेचं परीक्षण करतोय असं वाटावं. कल्पना मात्र खरंच चांगली होती. आजवर रॉकेट म्हणजे पत्रावळ: जेवलात की फेका. फेकलेलं कुठं पडतं, ते आमच्या जिल्ह्याला विचारा. काही वर्षांपूर्वी असल्याच एका रॉकेटचं लोखंडी कडं आकाशातून इकडं येऊन पडलं होतं आणि माणसं त्याच्याबरोबर फोटो काढायला गेली होती. आम्ही करत होतो ते स्टीलचं ताट. वर जायचं, आपल्या पायांवर परत उतरायचं, धुऊनपुसून पुन्हा वर जायचं. पण पत्रावळ तपासावी लागत नाही, ताट तपासावं लागतं. परत आलेल्या इंजिनाला काय झालंय, ते पुन्हा उडेल का, हे कळायला त्याच्या अंगभर सेन्सर. आणि उडताना काही बिघडलं तर माणसाला पापणी लवायलाही वेळ नसतो, म्हणून थांबायचं की चालू ठेवायचं ते रॉकेटनं स्वतःच ठरवायचं. हे सगळं काम माझ्याकडे.

चाचण्यांसाठी संचालकांना निर्जन जागा हवी होती. त्यांनी नकाशात जिवतीचा डोंगर पाहिला आणि तिथं कोणी राहत नाही असं जाहीर केलं. जिवतीत राहणाऱ्यांना हे कोणी कळवलं नव्हतं. तिथल्या एका खडकाळ माळावर आमचं दोन मजली उंचीचं रॉकेट उभं राहिलं. इंजिनातल्या पंपाची बेअरिंगं तपासायला मी सल्लागार म्हणून भाऊंचं नाव सुचवलं. तोवर ते रिटायर होऊन गडचांदूरला घरी बसले होते आणि वहिनी कोणाच्याही पाया पडायला तयार होत्या, “घेऊन जा वो याले कुठी बी.” भाऊ लुनावरून घाट चढून आले, मागं खुर्ची.

संचालकांनी त्यांना पडदा दाखवला. सेन्सरांचे चाळीसेक चौकोन, प्रत्येकात एक आकडा, सगळे हिरवे. मग म्हणाले, “आणि हा आपल्या रॉकेटचा डिजिटल जुळा. प्रत्यक्षात जे घडतं, ते याच्यातही घडतं.”

भाऊंनी बराच वेळ पाहिलं. “एक पडला तं दुसऱ्याले लागते का?”

“नाही, तसं शारीरिकदृष्ट्या…”

“मंग कायचा जुळा? शेजारी हाये थो.”

तिथंच त्यांचं आणि संचालकांचं बिनसलं. रोज सकाळी येऊन ते मला एकच विचारायचे, “आज कोणाचं तोंड बांधलं?” कारण जम्पर इथंही होता. फक्त इथं त्याला ‘मास्क’ म्हणत, आणि तो मारायला हातही काळे करावे लागत नसत. कॉम्प्युटरवर एक ओळ लिहायची: या सेन्सरचं ऐकू नको. की झालं, त्याचा आकडा गोठतो आणि चौकोन हिरवाच राहतो.

मोठ्या चाचणीच्या आठवड्यात सात नंबरचा सेन्सर नाचायला लागला. पंपाच्या बेअरिंगवरचा. कधी ठीक, कधी एकदम लाल. रॉकेट तोवर तीनदा उडून उतरलेलं. बेअरिंग खरंच गेलं होतं की सेन्सरच खराब होता, ते पंप खोलल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि खोलायला दोन दिवस. पाहुणे उद्या येणार. पाहुणे म्हणजे गुंतवणूकदार. रॉकेट उडालं तर कंपनी राहणार, नाही तर माळावरचा तंबू उठणार, त्याच्याबरोबर आमच्या नोकऱ्या. संचालक म्हणाले, “आपण तज्ज्ञ आहात, आपण ठरवा.” हे वाक्य ज्याला कोणी म्हणतं त्याचा बळी ठरलेला असतो. मी मास्क मारला. सेन्सरच खराब असणार असं स्वतःला समजावलं आणि भाऊंना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शामियाना, थंड पाण्याच्या बाटल्या, पाहुणे. सकाळी इंजिन न पेटवता पंप जरा फिरवून पाहिला. पडद्यावर सगळे चौकोन हिरवे. संचालक पाहुण्यांना म्हणाले, “संपूर्णतः निरोगी.” भाऊ मागं उभे होते. ते माझ्याजवळ आले, पडद्याकडे बोट केलं आणि हळूच म्हणाले, “सगळे आकडे नाचून राह्यले. सातवा काऊन नाचत नाई?” मी म्हटलं, “नंतर सांगते भाऊ.” ते निघून गेले. मला वाटलं, चहाला गेले.

थोड्या वेळानं कॅमेऱ्यात दिसलं: रॉकेट, त्याच्या टाकीतून निघणारी थंड वाफ आणि त्या वाफेत लाल खुर्ची. भाऊ डबा उघडत होते.

उलटी मोजणी थांबली. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, हाही चाचणीचाच भाग आहे का. संचालकांचं शुद्ध मराठी त्या दिवशी पहिल्यांदा सुटलं. काय म्हणाले ते लिहीत नाही. “त्याला तिथून उठवा, तुम्ही आणलाय त्याला!” मी धावत गेले.

“भाऊ, उठा! काय तमाशा लावलाय हा?”

“सात नंबरचा जम्पर कोणाचा?”

मी मागं शामियान्याकडे पाहिलं.

“तुहा ना? खोलून पाह्यलं?”

“वेळ नव्हता. सेन्सरच खराब आहे भाऊ, मला माहीत आहे.”

“मंग बस.” ते उठले आणि गमछ्यानं खुर्ची पुसली. “तुहा जम्पर, तुही खुर्ची. तू येईपर्यंत बसलो होतो मी.”

माझं डोकं फिरलं. “हे रॉकेट आहे! इथं बसलं तर माणूस जळून कोळसा होतो!”

“थेच तं म्हणून राह्यलो. पंख्यापाशी बसता येत होतं म्हणून जम्पर चालत होता. इथी कोण बसन? जिथी आपल्याले बसता येत नाई, तिथी मशीनचं तोंड बांधायचं नाई पोरी. थांबायचा हक्क तिलेच द्या लागते.” मग त्यांनी माळाच्या कडेच्या मातीच्या बांधाकडे हात केला. टाकी भरणारे आमचे दोघं तिथं बसायचे, कारण एक झडप हातानंच बंद करावी लागायची. दोघंही जिवतीचे. “खुर्चीवर थे बसून हायेत, पाहा. तुह्या जम्परच्या. त्यायले सांगतलं का तुनं?”

मी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर ते दोघं तिथं असतात हे मास्क मारताना माझ्या मनातही आलं नव्हतं.

“देवाजी कोण म्हणून इचारत होतीस ना?” भाऊ डब्याचं झाकण लावत म्हणाले. “माह्या जोडीचा होता, पहिल्या कारखान्यात. त्या दिवशी माह्या पोरीचं बारसं. म्या जम्पर मारला आन् घरी गेलो. म्हटलं, काय होते एका दिवसात. मशीनचं कपलिंग तुटून उडालं. देवाजी ग्रीस भरून राह्यला होता. थो तिथी मेला, आन् मी घरी शिरा खाऊन राह्यलो होतो.” त्यांनी डब्याची कडी दाबली. “त्याले कोणी सांगतलं नव्हतं, जम्पर हाये म्हणून.”

मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. आपण ज्या माणसाला इतकी वर्षं खुर्चीचोर म्हणून हसलो, त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटली. मी परत गेले. संचालकांना म्हटलं, मास्क काढते.

“काढला तर ते थांबेल?”

“थांबू शकतं.”

“मग काढू नका.”

“चालेल. तुम्ही खाली जाऊन बसा मग. खुर्ची तयार आहे.”

ते काही खाली गेले नाहीत. मी ती ओळ पुसली. बांधामागच्या दोघांना फोनवर सांगितलं, आज धोका आहे, झडप बंद करा आणि नाल्यापलीकडे जा. भाऊ खुर्ची डोक्यावर घेऊन चालत आले. मोजणी पुन्हा सुरू झाली. इंजिन पेटलं, धूर झाला, सातवा चौकोन लाल झाला आणि रॉकेटनं स्वतःच स्वतःला विझवलं. सगळं मिळून एका शिंकेचा वेळ. एका पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, एवढंच असतं.

बाकीच्यांना मात्र कळलं होतं. ते निघून गेल्यावर पंप खोलला. दोन दिवस लागले. संचालक स्वतः शेडमध्ये उभे. मी मनात म्हणत होते, बेअरिंग फुटलेलं निघू दे, तडा तरी निघू दे, काहीतरी निघू दे. भाऊंनी बेअरिंग हातात घेतलं, अंगठ्यानं फिरवलं, उजेडाला धरलं. त्यांचा चेहरा फुलला.

“लोण्यावानी हाये!”

सेन्सरची वायर एका जागी घासली गेली होती. बस, एवढंच.

“म्हणजे उडालं असतं!” संचालक ओरडले.

“हो तं. मस्त उडालं असतं.”

“मग?”

“मंग काय? आता माहीत झालं. परवा कोणालेच माहीत नव्हतं.” आणि त्यांनी चहा मागितला.

पाहुणे परत आले नाहीत. दोन महिन्यांत माळावरचा तंबू उठला. मला पुनर्रचनेत मोकळं केलं, म्हणजे काढलं. संचालक आता सभांमधून सांगतात की आमच्या यंत्रणेनं त्या दिवशी स्वतः निर्णय घेतला, आणि तिथला फोटो दाखवतात. फोटोत खुर्ची नाही, कापली आहे. भाऊंना सुरक्षा नियम मोडल्याबद्दल आवारात बंदी झाली आणि त्या गडबडीत खुर्ची शेडमध्येच राहिली. शेवटच्या दिवशी ती घेऊन मी गडचांदूरला त्यांच्या घरी गेले. द्यायला कमी, भांडायला जास्त.

“माझी नोकरी गेली भाऊ. लग्नात चुकलात ते चुकलात, इथंही बेअरिंग चांगलंच निघालं!”

“हो ना पोरी. लय वाईट झालं,” ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, त्यामुळे मला पुढं भांडताच येईना. वहिनींनी चहा ठेवला. कूलर बंद होता. भाऊंनी जरा वेळानं विचारलं, “बांधावरचे थे दोघं? कसे हायेत?”

“ठीक आहेत.”

मी वाट पाहत राहिले. त्यांनी ‘ठीक मंजे?’ विचारलं नाही.

निघताना खुर्ची त्यांनी घेतली नाही. “मी रिटायर. तुले अजून लय जागी लय जम्पर मारा लागतीन. नाव पुसू नको फक्त.”

बल्लारपूरच्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी खुर्ची छातीशी धरून दारापाशी उभी. कंडक्टरनं आधी तिचं लगेजचं तिकीट फाडलं, मग राजुऱ्यापर्यंत मला धक्के खाताना पाहिलं आणि शेवटी त्याला राहवलं नाही. “ओ बाई, हातात खुर्ची हाये आन् उभ्या काऊन? टाका ना इथी अन् बसा आरामात.”

“नको भाऊ,” मी म्हटलं. “हिच्यावर बसायची पाळी कोणावर येऊ नये म्हणूनच नेऊन राह्यली.”